काळाची दिशा : भौतिकशास्त्रीय विचार आणि कथनमीमांसा

कथनमीमांसेत घटनाक्रम आणि कथनक्रम असा भेद केला जातो. त्यांपैकी घटनाक्रम हा ‘नैसर्गिक’, म्हणूनच एकदिश, असे बहुधा गृहीत धरले जाते. या गृहीतकाला भौतिकशास्त्राचा कितपत आधार आहे, हे तपासणे उद्बोधक ठरते.

न्यूटनच्या गतिनियमांत भूत आणि भविष्य असा भेद नाही. ग्रहभ्रमणाचे चित्रण उलट क्रमाने दाखविले, तरी त्यात नियमबाह्य असे काही आढळत नाही. अनुभव मात्र निराळा आहे. पाण्यात पडलेला शाईचा थेंब पसरतो. पसरलेली शाई आपोआप थेंबात गोळा होत नाही. या एकदिशतेला उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाने शास्त्रीय रूप दिले. रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये ‘एन्ट्रॉपी’ ही संज्ञा योजली. बाह्य जगापासून अलिप्त असलेल्या व्यवस्थेची एन्ट्रॉपी घटत नाही, असा हा नियम आहे. आर्थर एडिंग्टन यांनी पुढे या एकदिशतेला ‘काळाचा बाण’ असे नाव दिले.

उभयदिश नियमांतून एकदिश वर्तन कसे निष्पन्न होते, हा खरा प्रश्न होय. लुडविग बोल्ट्झमन यांनी १८७२ मध्ये रेणूंच्या टकरींच्या आधारे त्याचे उत्तर मांडले. त्यावर योहान लोश्मिट यांनी १८७६ मध्ये मर्मग्राही आक्षेप घेतला : सर्व रेणूंचे वेग एकाच क्षणी उलट केले, तर तेच नियम पाळून एन्ट्रॉपी घटत जाईल. १८७७ मध्ये बोल्ट्झमन यांनी आपली भूमिका स्पष्ट केली. हा नियम अनिवार्यतेचा नसून संभाव्यतेचा आहे. पसरलेल्या शाईच्या शक्य कणरचना थेंबरूप रचनांहून इतक्या प्रचंड संख्येने अधिक असतात, की उलट घटना तत्त्वतः शक्य असूनही प्रत्यक्षात दिसत नाही.

तथापि, हेही उत्तर पुरेसे नाही. हाच संभाव्यतेचा तर्क भूतकाळाला लावला, तर अर्धवट पसरलेली शाई क्षणापूर्वी अधिक पसरलेली होती, असा विपरीत निष्कर्ष निघतो. तो टाळण्यासाठी विश्वाची आरंभीची एन्ट्रॉपी अत्यंत कमी होती, असे मानावे लागते. म्हणजेच ही दिशा गतिनियमांत नसून आरंभस्थितीत आहे. काही मूलकणांच्या ऱ्हासात १९६४ मध्ये आढळलेली सूक्ष्म असममिती याला अपवादात्मक आहे. परंतु शाईच्या पसरण्याचा उलगडा तिने होत नाही. फ्रेड हॉयल आणि जयंत नारळीकर यांनीही १९६० च्या दशकात विद्युत्‌चुंबकीय प्रारणाच्या कालदिशेचा संबंध विश्वाच्या प्रसरणाशी जोडून पाहिला. त्यांचा प्रश्न वेगळा असला, तरी दिशेचे मूळ स्थानिक नियमांत न शोधता विश्वाच्या स्वरूपात शोधण्याची दृष्टी समान आहे.

या विवेचनाचा कथनविचाराशी निकटचा संबंध आहे. ठसे, लेख आणि स्मृती यांत भूतकाळाच्या खुणा उरतात, भविष्याच्या नाहीत. ही विषमताही बहुतांशी त्याच आरंभस्थितीतून स्पष्ट केली जाते. तेव्हा क्रमभंग करणाऱ्या कथनाला भौतिकशास्त्राच्या आधारे ‘अनैसर्गिक’ म्हणता येत नाही. तसेच भौतिकशास्त्राने पूर्वापरभाव पुसून टाकला, असेही म्हणता येत नाही. घटनाक्रमाची दिशा वास्तव आहे, मात्र ती आरंभसापेक्ष आहे, एवढेच येथे सिद्ध होते.