गोठ्याचं नको, वासराचं तापमान मोजा

भिलाईच्या नेहरू नगरातून मी बोलतोय. माझी सगळी नोकरी स्टील प्लांटमध्ये मोजमापाच्या उपकरणांवर गेली. चौदाशे अंशांच्या वरचं वितळलेलं लोखंड किती तापलंय, हे सांगणारी यंत्रं आम्ही सांभाळायचो. असा माणूस एका वासराचं तापमान मोजायला चुकला, त्याची ही गोष्ट आहे. आधी ती सांगतो, मग मोजायचं कसं ते बघू.

माझ्या साडूभाऊंचा दुर्गच्या पलीकडे, शिवनाथच्या बाजूला छोटा गोठा आहे. माणूस मूळचा भंडाऱ्याचा. जानेवारीत त्यांची संकरित गाय रात्री दोनला व्याली. मी तिथेच मुक्कामी होतो. गोठ्यात मीच लावलेला थर्मामीटर होता, त्यावर ११ अंश. मी म्हटलं, वासराला काही पांघरायचं का? साडूभाऊ म्हणाले, "इथं कुठची थंडी जी? गाय पाहा, कशी मजेत रवंथ करून राहिली." गाय खरंच मजेत होती. आम्ही झोपलो.

सकाळी वासरू मान टाकून पडलं होतं. तोंडात बोट घातलं तर आत गार लागलं. डॉक्टर आले, त्यांनी गुदद्वारात थर्मामीटर लावला. ३४ अंश. दुपारपर्यंत वासरू गेलं. जाताना डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "काका, तुम्ही गोठ्याचं तापमान मोजलंत. वासराचं कुणीच मोजलं नाही."

एकच गोठा, दोन हवामानं

गायीच्या पोटात चारा आंबत असतो, म्हणजे तिच्या आत एक शेगडीच पेटलेली असते. ११ अंश तिला सुखाचे वाटतात. नुकत्या जन्मलेल्या वासराकडे ती शेगडी नसते. वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त, म्हणून उष्णता भराभर निघून जाते. त्यातून ते जन्मतं ओलं, आणि ते पाणी सुकताना अंगातलीच ऊब घेऊन जातं. जवळ असते थोडी तपकिरी चरबी, जी जाळून ते पहिले काही तास तग धरतं. ती संपायच्या आत चीक पोटात गेला पाहिजे.

म्हणून नवजात वासराला हवा साधारण १५ अंशांच्या खाली गेली की ऊब टिकवायला जास्तीची ताकद खर्चावी लागते, आणि ओलं असेल किंवा वारा लागत असेल तर त्याच्याही आधी. आपल्या छत्तीसगडात, विदर्भात, मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीची पहाट याच्या बरीच खाली असते. थंडी काश्मीरची, ही आपली समजूत माणसांपुरती ठीक आहे.

थंडी कशी मोजायची

वासराचं शरीराचं तापमान ३८.५ ते ३९.५ अंश असावं, म्हणजे फॅरेनहाइटमध्ये साधारण १०१ ते १०३. करडाचंही याच्याच आसपास, थोडं वर. ३८ च्या खाली गेलं की सावध व्हा. ३७ च्या खाली गेलं की डॉक्टरांना फोन करा आणि ऊब द्यायला लगेच सुरुवात करा.

थर्मामीटरच्या टोकाला तेल लावा, हळूच आत सरकवा आणि आतल्या भिंतीला टेकवून धरा. शेणात रुतला तर आकडा चुकतो. आणखी एक गोष्ट, जी मला माझ्या धंद्यामुळे आधीच कळायला हवी होती. घरातला जुना पाऱ्याचा थर्मामीटर ३५ अंशांपासून सुरू होतो. वासरू ३४ वर असेल तर तो ते दाखवूच शकत नाही. डिजिटल थर्मामीटर साधारण ३२ पासून दाखवतो, तो घ्या.

थर्मामीटर नसेल तर तोंडात बोट घाला. आत गार लागतं का? बोट चोखतं का? आणि बिछान्यावर वीसेक सेकंद गुडघे टेकून बसा. पॅंट ओली झाली तर बिछाना ओला आहे. तणस, ज्याला इकडे पैरा म्हणतात, इतकं जाड हवं की बसलेल्या वासराचे पाय त्यात दिसू नयेत.

उपाय साधे आहेत. कोरड्या पोत्यानं खसाखसा पुसा, वारा अडवा, वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा कोमट चीक पहिल्या काही तासांत पाजा. ३० किलोच्या वासराला ३ लिटर. पण जे वासरू चोखत नाही, त्याच्या तोंडात बाटली ओतू नका. चीक फुप्फुसात जातो. ते काम डॉक्टरांचं.

उन्हाळ्याचा आकडा

उष्णतेसाठी दुसरा हिशोब आहे. दोन थर्मामीटर घ्या. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि त्यावर वारा लागू द्या. दोन्ही आकड्यांची बेरीज करा, तिला ०.७२ नं गुणा आणि त्यात ४०.६ मिळवा. याला तापमान-आर्द्रता निर्देशांक म्हणतात. दुभत्या गायीसाठी ७२ च्या वर ताण सुरू होतो असं धरतात.

उदाहरण करून बघू. मे महिन्याची दुपार, कोरडा ४२, ओला २४. उत्तर ८८. जुलैची दुपार, कोरडा ३१, ओला २८. उत्तर ८३. हवा ११ अंशांनी उतरली, ताण पाचच अंकांनी. आता रात्र बघा. मेमध्ये २८ आणि २०, उत्तर ७५. जुलैमध्ये २७ आणि २६, उत्तर ७९. म्हणजे पाऊस आला, सुटलो, असं आपण म्हणतो तेव्हा जनावराला रात्रीचा विसावाही कमी मिळतो. दमट हवेत श्वासातून आणि घामातून उष्णता बाहेर पडत नाही.

आता त्या जानेवारीच्या रात्रीचे आकडे घाला. ११ आणि १०. उत्तर ५६. निर्देशांक म्हणतो सगळं उत्तम, आणि वासरू तिकडे गारठतंय. कारण हा आकडा मोठ्या गायीच्या उष्णतेसाठी बनलाय. थंडी त्याला दिसत नाही. शिवाय वरच्या तापलेल्या पत्र्याची झळही त्यात येत नाही. म्हणून आकडा काढा, पण शेवटी वासराकडेच बघा. ते बसलेलं असताना कुशीची हालचाल अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. निवांत वासराचे श्वास मिनिटाला साधारण २५ ते ४० असतात. ६० च्या वर गेले किंवा तोंड उघडून धापा सुरू झाल्या तर सावली, वारा आणि पाणी, तिन्ही लगेच हवेत. म्हशीच्या पारड्याकडे जास्त लक्ष द्या. कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी.

कोंबडीची पिल्लं तर स्वतःच थर्मामीटर आहेत. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, दिव्यापासून लांब पळाली तर उकाडा, सगळीकडे सारखी पसरली तर बरोबर.

एक वही ठेवा

पहाटे पाचला आणि दुपारी तीनला, रोज त्याच वेळी मोजा. हवा, शरीराचं तापमान, श्वास. आठ दिवसांत तुमच्या गोठ्याचं नेहमीचं माप तुम्हाला कळेल, मग बिघाड लगेच दिसेल. शंका आली तर वही घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, विदर्भातल्या मंडळींना नागपूरचं आहे. "वासरू सुस्त आहे" यापेक्षा "पहाटे ३७.४ होतं" हे ऐकून डॉक्टर लवकर काही करू शकतात.

पुढच्या जानेवारीत तीच गाय पुन्हा पहाटे व्याली. साडूभाऊंनी मला चार वाजता फोन केला. "३७.२ आहे जी, काय करू?" पुसलं, पोत्यात गुंडाळलं, चीक पाजला. ते स्वतः चोखत होतं, म्हणून बाटलीनं जमलं. सात वाजता पुन्हा फोन आला. ३८.६. ती कालवड आज त्यांच्या दावणीला आहे.

पुढच्या भागात चीक चांगला की पातळ, ते घरच्या घरी कसं ओळखायचं हे बघू. तोवर नमस्कार.