तळमळ

माझी आई लातूरकडची. रविवारी फोन करायचा राहिला की सोमवारी तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "निस्ती घालमेल व्हायली होती बघ जिवाची." मी चाकणजवळ म्हाळुंग्यात राहतो. चौदा वर्षं पाळ्या करतोय, त्यातली बरीच क्वालिटीत गेली. आईच्या या शब्दानं मला अशा शब्दांचा नाद लावला.

जीव थाऱ्यावर नसण्याला मराठीत पुष्कळ शब्द आहेत आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. आमच्या लाइनवरच्या टेम्पररी पोरांचे सात महिने भरत येतात, तेव्हा त्यांना लागते ती धाकधूक. ठेवणार की काढणार, तो निकाल अजून पुढं असतो. घरी जावं की इथंच दुसरी कंपनी बघावी, ही घालमेल. तिसरी पाळी करून मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी झोपायचं म्हटलं की होते ती तगमग, ती आधी अंगाला कळते. दिवेलागणीला उगाच गाव आठवतं, ती हुरहूर. तिचं कारण विचारू नये.

मला खरा फरक कळला तो तळमळ आणि रुखरुख यांतला.

तीन वर्षांपूर्वी तिसऱ्या पाळीच्या शेवटच्या तासात मशीनवरचा इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, बदलला. अशा वेळी पहिला जॉब नीट तपासायचा असतो. मी जॉबच्या भोकात, बोअरमध्ये, प्लग गेज घातला, 'गो' बाजू सरळ आत गेली. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. 'नो गो' बाजू लावली का, ते घरी आल्यावर काही केल्या आठवेना. या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो. अकरा वाजता उठलो, बाइक काढली आणि परत गेलो. ट्रे अजून गाडीत चढले नव्हते. एकशे ऐंशी जॉब पुन्हा तपासले. सात जॉबमध्ये 'नो गो' बाजू अलगद आत उतरली. जी अडायला हवी, ती उतरली.

अंथरुणात होती ती तळमळ. गाडी निघून गेली असती, तर तिचीच रुखरुख झाली असती. हातातून गेलेल्या गोष्टीची रुखरुख लागते. तळमळीत अजून उठून जायला जागा असते.

म्हणून मला वाटतं, तुकोबांनी हा शब्द उगाच निवडलेला नाही. म्हाळुंग्याहून येलवाडीमार्गे देहू जवळच. तिथल्या गाथा मंदिराच्या भिंतींवर अभंग कोरलेले आहेत. सासरी निघालेली लेक मागं वळून बघते, त्या अभंगात पुढं पाण्यावेगळ्या मासोळीचा दाखला येतो आणि तुकोबा आपण तसे तळमळतो असं सांगतात. लेकीला माहेर ठाऊक आहे, मासोळीला पाणी ठाऊक आहे. कुठं परतायचं ते कळलेल्याचीच ही अवस्था. मासोळीच्या जागी हुरहूर पुरली नसती.

त्यापुढं तळमळ या शब्दानं आणखी एक वळण घेतलं. 'तळमळीचा कार्यकर्ता', 'तळमळीनं शिकवणारे सर' असं आपण कौतुकानं म्हणतो. घालमेलीचा कार्यकर्ता कुणी म्हणत नाही, धाकधुकीनं शिकवणारे सरही नाहीत. ज्या शब्दात माणसाची झोप उडालेली आहे, तो मराठीनं शाबासकीसाठी ठेवला. मला याचा फार अभिमान वाटतो.

गेल्या महिन्यात नांदेडकडच्या एका ट्रेनी पोराचा भर दुपारी फोन आला. रात्रपाळी करून गेलेला, आवाज झोपेनं जड. "दादा, शेवटच्या ट्रेचं चेकिंग माझं राहिलंय असं वाटतंय. थांबवता का?" ट्रे थांबवला, सगळे जॉब बघितले. एकही खराब निघाला नाही.

त्याच्या मूल्यमापनाचा कागद माझ्याकडं आला. तो इंग्रजीत भरायचा असतो. शेऱ्याच्या रकान्यात दोन-तीन इंग्रजी शब्द लिहून खोडले आणि शेवटी देवनागरीतच लिहिलं, 'कामाची तळमळ आहे.'