फक्त फ्यूज गेलाय!

"बाकी एकदम ओके आहे, फक्त फ्यूज गेलाय." जुना ॲम्प विकणाऱ्याने असं म्हटलं की समजावं, फ्यूज सोडून दुसरंच काहीतरी गेलंय. फ्यूज आपणहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं.

गॅदरिंगला तीन आठवडे होते. शेजारच्या कॉलेजचा एक फायनल इयरवाला आपला बंद पडलेला २० वॅटचा गिटार ॲम्प ३००० ला काढत होता. माझ्या रूममेटकडे तेवढेच पैसे, तेही मेसचे. "तू इलेक्ट्रॉनिक्सचा ना? सांग, घेऊ का?" म्हणजे चुकलं तर महिनाभर तो माझ्याच ताटात जेवणार!

लॅबमधल्या मामांना विचारलं. म्हणाले, "सिरीज बोर्ड घेऊन जा. आणि मागची पाटी उघडू देत नसेल तर चहा पिऊन परत ये." सिरीज बोर्ड म्हणजे मेन्सच्या वाटेत सिरीजमध्ये जोडलेला साधा ६० वॅटचा पिवळा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि करंट आवरून धरतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर चमकून मंद होतो.

अशा ॲम्पमध्ये महाग वस्तू दोनच, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. बाकी सगळी चिल्लर. म्हणून आधी या दोघांची नाडी बघायची. स्पीकरच्या वायरी सोडवल्या, मीटरवर ६.८ ओहम आले (८ ओहमचा स्पीकर मीटरवर थोडा कमीच दाखवतो). पेन्सिल सेल टेकवला, "टक्" झालं. कोन हलकेच दाबला, कुठे घासत नव्हता. पास.

मग फ्यूज काढला आणि पोटात गोळा आला. त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती! असा फ्यूज उडत नाही, त्याच्याऐवजी ट्रान्सफॉर्मर शिजतो. नाक खुपसून वास घेतला. जळका वास नव्हता. सिरीज बोर्डवर लावला तर बल्ब लख्ख. मालक खूश, "बघ, लाइट आली!" मेन्सचा प्लग काढून ट्रान्सफॉर्मरच्या बोर्डकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी सोडवल्या आणि पुन्हा लावला. बल्ब जवळजवळ विझला, मीटरवर १६-०-१६, दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे ट्रान्सफॉर्मर जिवंत, शॉर्ट त्याच्या पुढे. मीटरने शोधला तर पाच पायांचा आउटपुट आयसी, टीडीए २०५०, आडवा झालेला.

(हाच ॲम्प व्हॉल्व्हचा असता तर मी हातही लावला नसता. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही तीन-चारशे व्होल्ट धरून बसलेले असू शकतात.)

आता हिशेब. तसाच चालू सेकंडहँड ॲम्प आम्हाला ४५०० ला सांगितला होता. पार्ट ५०० चे धरले, आमच्या रात्री फुकट. पण बोर्डच जळालेला निघाला तर हातात उरणार फक्त स्पीकर, ट्रान्सफॉर्मर आणि खोकं. म्हणजे किंमत त्या तिघांचीच द्यायची, चालू ॲम्पची नाही. १६०० वर सौदा तुटला.

तपकीर गल्लीतून आयसी आणले, दोन. नकली माल फार असतो म्हणून एक जास्तीचा. पहिला बसवला आणि सिरीज बल्ब पुन्हा लख्ख! माझाच गाढवपणा. या आयसीची धातूची पाठ आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते आणि मी मायकाचा पापुद्रा न लावता ती सरळ चासीला आवळली होती. बल्ब होता म्हणून आयसी वाचला.

मायका लावल्यावर आवाज आला, सोबत घूंऽऽ. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तसाच, म्हणजे दोष गिटारच्या वायरीचा नाही. आपली मेन्स ५० हर्ट्झची, ब्रिज रेक्टिफायर तिचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला वळवतो, म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची. ती गिळणारे २२०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर सुकले होते. तेही बदलले.

एकूण खर्च २०४० रुपये. व्हॉल्यूमचं बटण तीनच्या खाली अजून खरखरतं. गॅदरिंगला रूममेटने ते चारवरच ठेवलं.