चौपन्न घरांतले ६१७४

शाळेच्या प्रदर्शनात गणिताचे तक्ते लावलेले असतात तिथे थोडा वेळ उभे राहून पाहा. सूत्रांची लांबलचक यादी, एखाद्या गणितज्ञाचे चित्र, भोवती रंगीत वेलबुट्टी. येणारे-जाणारे ‘अक्षर छान आहे हं’ म्हणतात आणि पुढे जातात. पाठ्यपुस्तकातले भिंतीवर मोठ्या अक्षरात उतरवले, तर दुसरे काय होणार? पुस्तक वाचून जे ध्यानात येत नाही, पण रंगांमुळे दुरूनही दिसते, असे काही तक्त्यावर हवे. तसा एक तक्ता आज करू या.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्याखाली चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. १९४९ घेऊन पाहू.

९९४१ – १४९९ = ८४४२
८४४२ – २४४८ = ५९९४
९९५४ – ४५९९ = ५३५५
५५५३ – ३५५५ = १९९८
९९८१ – १८९९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

यापुढे कितीही वेळा करा, उत्तर ६१७४ च येते. हा गुणधर्म नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक असलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी शोधला आणि १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. म्हणूनच ते साल उदाहरणाला घेतले. ६१७४ ला आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

पण सगळ्याच संख्या ६१७४ ला पोचतात, हे कशावरून? चार अंकी संख्या ९०००. त्यातून ११११, २२२२ अशा नऊ वगळल्या तरी ८९९१ उरतात. दहा-वीस करून पाहिल्या म्हणजे खात्री पटली असे गणितात चालत नाही. तेव्हा सगळ्या तपासायच्या, पण युक्तीने.

उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांत पहिल्या आणि चौथ्या अंकातला फरक म्हणजे ‘बाहेरचा फरक’, दुसऱ्या आणि तिसऱ्यातला तो ‘आतला फरक’ म्हणू. थोडे बीजगणित केलेत तर दिसेल की वजाबाकीचे उत्तर म्हणजे बाहेरच्या फरकाची ९९९ पट अधिक आतल्या फरकाची ९० पट. ९९४१ मध्ये हे फरक ८ आणि ५. ७९९२ अधिक ४५० म्हणजे ८४४२. बरोबर! म्हणजे मूळ अंक कोणते याला महत्त्वच नाही, हे दोन फरक तेवढे पुरेत. बाहेरचा फरक १ ते ९ असू शकतो. आतला शून्यापासून सुरू होतो आणि बाहेरच्यापेक्षा मोठा होऊच शकत नाही, कारण मधले अंक कडेच्या अंकांच्या दरम्यानच असतात. मग जोड्या किती? २ + ३ + ४ + … + १० = ५४. आठ हजार नऊशे एक्क्याण्णव संख्या चौपन्न घरांत मावल्या!

आता कार्डशीट घ्या. पाच सेंटिमीटरची घरे आखा: नऊ उभे स्तंभ बाहेरच्या फरकाचे, आडव्या ओळी आतल्या फरकाच्या, शून्याची ओळ सर्वांत खाली. आकार जिन्यासारखा होईल. तळाच्या ओळीत ०९९९, १९९८, २९९७ असे लिहीत जा. एक घर वर गेले की ९० मिळवा. चौपन्न वजाबाक्या करायची गरजच नाही. ०९९९ मधले शून्य मात्र सोडू नका. ते सोडले की पुढचे सगळे गणित बिघडते.

सातापेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याच घराला लागत नाहीत, म्हणून रंग तानापिहिनिपाजा! स्तंभ ६, ओळ २ या घरात ६१७४ येते, ते तांबडे. ज्या घरांतल्या संख्येचे फरक काढल्यावर या तांबड्या घरात येतो, ती नारिंगी. नारिंगी घरात नेणारी पिवळी, असे उलटे चालत जा. तांबडे १, नारिंगी ३, पिवळी १२, हिरवी, निळी आणि पारवी प्रत्येकी १०, जांभळी ८ भरली पाहिजेत. आकडे काळ्या शाईनेच लिहा. पिवळ्यावर दुसरे काही दुरून दिसत नाही.

रंग भरून झाले की मागे सरून पाहा. जांभळी आठ घरे विखुरलेली नाहीत. खाली स्तंभ ४, ५, ६ मध्ये तीन शेजारी आणि मधल्याच्या डोक्यावर एक. उजव्या कडेला तोच आकार आडवा पडलेला. ही नक्षी आली कुठून? पहिल्या ओळीतली ४०८६ आणि ६०८४ पाहा: अंक तेच, म्हणून पुढचा प्रवासही तोच. स्तंभ ४ आणि ६, ३ आणि ७, २ आणि ८ अशा जोड्या वर जिथे दोन्ही घरे आहेत तिथे एकाच रंगाच्या निघतात. अपवाद फक्त ४१७६ चा, कारण तिचा जोडीदार खुद्द ६१७४ आहे. तळाची ओळ मात्र वेगळीच: तिथे २ ची जोडी ९ शी आणि ३ ची ८ शी. असे का, ते तुम्हीच शोधा.

तक्त्यावर पायऱ्यांचे एक उदाहरण, रंगांची सूची आणि ‘तुमचे जन्मसाल कोणत्या घरात?’ एवढाच प्रश्न लिहा. २०१० चा पाहुणा पिवळ्यात जाईल, २०११ चा हिरव्यात. बाकी मजकूर नको, वेलबुट्टी तर नकोच.

खालच्या वर्गांसाठी तीन अंकी संख्यांचा तक्ता सोपा आहे: नऊच घरे, आणि सगळ्या वाटा ४९५ ला मिळतात. दोन अंकी संख्यांचा मात्र गोल काढावा लागेल. ०९ वरून ८१, मग ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. तिथे मुक्कामाचे ठिकाणच नाही.