परदेशीं विकणाऱ्या दुकानाचें आडनांव

बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तेथील बागायतदारांच्या बोलण्यांत एक नवाच विषय येऊं लागला आहे. जांभूळ हें फळ नाजूक; झाडावरून उतरलें म्हणजे दोन-तीन दिवसांत विकावें लागतें, आणि हंगाम काय तो उन्हाळ्याच्या अखेरीपासून पाऊस धरेपर्यंतचा. ताजें फळ दूरदेशीं धाडण्याची गोष्ट त्यामुळें कठीणच. पण त्याचा रस, सरबत आणि वाळविलेल्या बियांची पूड हीं टिकतात, व अमेरिका, इंग्लंड आणि आखाती देश येथें राहणाऱ्या आपल्या लोकांत त्यांस मागणी होण्याजोगी आहे. इंटरनेटवर दुकान मांडावें असा विचार निघाला कीं पहिला प्रश्न उभा राहतो तो दुकानाच्या पत्त्याचा, आणि त्यांतही पत्त्याच्या शेवटल्या तुकड्याचा. तो डॉट कॉम असावा, डॉट इन असावा, कीं आणखी कांहीं? तरुण मंडळी या तुकड्यास एक्स्टेन्शन म्हणतात. आम्ही त्यास आडनांव म्हणतों. कारण माणूस कोणत्या घरचा हें जसें आडनांवावरून कळतें, तसें दुकान कोणाच्या दप्तरीं नोंदलें आहे हें या तुकड्यावरून कळतें.

दप्तर हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे. आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली, आणि हा विषय समजून घेतां घेतां आम्हांस असें दिसून आलें कीं, हा यंत्राचा विषय थोडा व नोंदवहीचा फार आहे. प्रत्येक आडनांवाची एक स्वतंत्र नोंदवही असते व ती एकच संस्था राखते. डॉट कॉमची वही १९८५ सालीं सुरू झाली. ती सध्यां अमेरिकेंतील व्हेरीसाइन कंपनीकडे आहे. डॉट इनची वही २००३ सालीं स्थापन झालेल्या निक्सी या आपल्या देशांतील संस्थेकडे असून, २००५ पासून ती सर्वांस खुली झाली. या सर्व वह्यांवर देखरेख १९९८ सालीं स्थापन झालेल्या आयकॅन नामक संस्थेची. दोन अक्षरांचें आडनांव असेल तर तें कोणत्या तरी देशाचें किंवा प्रदेशाचें, व तीन किंवा अधिक अक्षरांचें असेल तर तें सामान्य, अशी ढोबळ खूण ध्यानीं ठेवावी.

येथें एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. नांव विकत घेतलें असें लोक म्हणतात. पण तें कोणाच्याही मालकीचें होत नाहीं. सरकारी पड जमीन एकसाली पट्ट्यानें देत, तशीच ही लागवड. वर्षाचा आकार भरावा, किंवा एकदम पुढील दहा वर्षांपर्यंतचा भरून ठेवावा; त्यापुढें मुदत मिळत नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. गिऱ्हाईक देशांतलेंच असेल तर डॉट इन उत्तम. पण परदेशीं पसरावयाचें असेल तर दोन गोष्टी आड येतात. एक, देशाचें आडनांव पाहून परकें गिऱ्हाईक असें धरून चालतें कीं, हें दुकान त्या देशापुरतेंच आहे, माल आपल्याकडे येणार नाहीं. दुसरी, गूगलसारखें शोधयंत्रही देशाचें आडनांव ही त्या देशाची खूण मानतें, त्यामुळें इतर देशांतल्या शोधांत असें दुकान मागें पडण्याचा संभव असतो. आमच्या मतें दोन्ही नांवें घ्यावीं. दर्शनी फळी डॉट कॉमची ठेवावी आणि डॉट इनवर येणाऱ्यास तिकडेच वळवावें. जांभळाची किंमत तें बदलापूरचें आहे यांतच असल्यामुळें डॉट इनची लाज वाटण्याचें मात्र कांहीं कारण नाहीं.

कोणी म्हणेल, ज्या देशांत विकावयाचें त्याच देशाचें आडनांव कां लावूं नये? याचें उत्तर देतांना शेजारच्या उल्हासनगराची आठवण होते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं कल्याणजवळच्या लष्करी छावणींत संसार थाटले, व ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीची कोनशिला बसून तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. त्या कष्टाळू लोकांनीं जीन्सपासून फर्निचरपर्यंत काय काय तेथें बनविलें हें सर्वश्रुत आहे. त्यांच्या मालावरील यू. एस. ए. हीं अक्षरें म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबईंत घरोघरीं माहीत आहे. विनोद सोडा, पण कापडावर जें खपून जाईल तें नोंदवहींत खपत नाहीं. अमेरिकेचें डॉट यू एस घेण्यास त्या देशाशीं खरा संबंध असावा लागतो. कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांच्या आडनांवांसही तेथील अस्तित्वाची अट आहे. युरोपीय संघाचें डॉट ई यू तर त्याहून शिकण्यासारखें. ब्रिटन संघांतून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून तेथील कंपन्यांचा त्या आडनांवावरचा हक्क संपला आणि हजारों पत्ते एका दिवसांत बंद पडले. दुकान तेंच, माल तोच, मालकाचा अपराध कांहीं नाहीं. केवळ दप्तर दुसऱ्याचें म्हणून ही गत झाली.

म्हणून एकच डॉट कॉम घेऊन त्याच्या आंत देशवार पानें करावीं, जसें एकाच वाड्यांत सोपे निराळे असतात. अमेरिकेच्या पानावर डॉलरचा भाव, दुबईच्या पानावर दिरहमचा. एका नांवाची पत वाढली कीं ती सर्व पानांस मिळते. पांच देशांची पांच आडनांवें घेतल्यास पांच ठिकाणीं आकार भरा, पांच ठिकाणीं पत जमवा. हा खटाटोप बड्या कंपन्यांस परवडतो, आमच्या बागायतदारांस नाहीं.

नवीं आडनांवें पुष्कळ निघालीं आहेत. डॉट शॉपची वही राखण्याचा हक्क जपानांतील जी एम ओ कंपनीनें २०१६ सालीं लिलावांत ४ कोटी १५ लाख डॉलर देऊन घेतला, इतकी या धंद्यांत चुरस. तीं वाईट नाहींत. पण पहिल्या वर्षाचा आकार नाममात्र आणि दुसऱ्या वर्षापासून कित्येक पट, असा प्रकार यांत फार आढळतो, तेव्हां नूतनीकरणाचा दर विचारल्यावांचून पैसे मोजूं नयेत. डॉट को हें कोलंबिया देशाचें, व डॉट आय ओ हें हिंदी महासागरांतील ब्रिटिश प्रदेशाचें. तो चागोस द्वीपसमूह मॉरिशसला देण्याचा करार २०२५ सालीं झाला, तेव्हांपासून त्या आडनांवाचें पुढें काय याची चर्चा चालू आहे. परक्याच्या बांधावर झाड लावण्यासारखें हें काम, ज्यास हौस असेल त्यानें करावें.

आपल्या लिपीचेंही एक आडनांव आहे. देवनागरींतील डॉट भारत २०१४ सालीं सुरू झालें. मराठी, कोंकणी, सिंधी यांसह आठ भाषांस तें चालतें. अभिमानाची गोष्ट खरी, आणि घरच्या गिऱ्हाइकासाठीं घेऊन ठेवावें. पण शिकागोंत जन्मलेला नातू तें टंकूं शकणार नाहीं. रोमन अक्षरांतही अडचण आहेच. जांभूळ शब्दांत कोणी बी नंतर एच घालील, कोणी गाळील, कोणी इंग्रजींत जामुन लिहील. अंबरनाथ तर सरकारी पाट्यांवरच दोन तऱ्हांनीं लिहिलेलें दिसतें, एकींत बी नंतर ई व दुसरींत ए. ज्या ज्या तऱ्हेनें लोक लिहितील तीं नांवें शक्यतों आपणच घेऊन मुख्य दुकानाकडे वळवावीं; वर्षाकाठीं थोडा खर्च वाढतो, पण गिऱ्हाईक चुकत नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. मानांकन आपल्या बदलापुरास मिळालें, तेव्हां त्या नांवाचा पत्ताही आपोआप आपलाच, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा मालास संरक्षण देतो, आणि ज्या शेतकऱ्यानें अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली त्यासच तें मानांकन लावतां येतें. पत्त्यांची वही निराळी. तेथें जो आधीं येईल त्याचें नांव आधीं लागतें. फ्रान्समधील शॅम्पेन प्रांताचें मद्य जगप्रसिद्ध, त्याचें नांव राखणारी संस्था मातबर. तरी शॅम्पेन डॉट को हें नांव दुसऱ्याच एका गृहस्थानें घेतलें, आणि २०११ सालीं लवादापुढें संस्था हरली; कारण त्या लवादाच्या नियमांत व्यापारचिन्हाचा हक्क दाखवावा लागतो, नुसतें भौगोलिक नांव पुरत नाहीं. शॅम्पेनवाल्यांची ही गत, तर आपली काय कथा? आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यांत इंटरनेटच्या नांवास व्यापारी नांवासारखें संरक्षण आहे असें ठरविलें, हा मोठा आधार आहे. पण तोही ज्यानें त्या नांवावर प्रत्यक्ष धंदा करून लौकिक मिळविला त्यास. याकरितां उत्पादक संघानें गांवाच्या नांवाबरोबर स्वतःचें असें एखादें वेगळें नांव योजावें, तें व्यापारचिन्ह म्हणून नोंदवावें, आणि त्याच दिवशीं त्याचे डॉट कॉम व डॉट इन घ्यावे. नुसत्या गांवाच्या नांवाचें व्यापारचिन्ह नोंदविणें कठीण जातें.

आणि नोंद कोणाच्या नांवें? सातबाऱ्यावर शेजाऱ्याचें नांव लागलेलें असतां कोणी शेतकरी स्वस्थ बसणार नाहीं. पण दुकान बांधून देणाऱ्या कारागिरानें पत्ता स्वतःच्याच नांवें व स्वतःच्याच ईमेलवर नोंदविल्याचीं उदाहरणें आमच्या पाहण्यांत आलीं आहेत. पुढें वाद झाला म्हणजे दुकान मालकाचें आणि पत्ता कारागिराचा. फेरफार करून घ्यावयास तलाठीही येथें नाहीं. करितां संघाचें नांव, संघाचा ईमेल व संघाचा दूरध्वनि लावून घ्यावा, आणि परवलीचा शब्द चिटणीस व खजिनदार या दोघांपाशीं असावा.

मुदत संपली तर काय होतें तेंही सांगून ठेवतों. डॉट कॉमचा आकार थकला म्हणजे नोंदणी करणारी कंपनी फार तर ४५ दिवस सवलत देऊं शकते. पण तितके दिवस ती देईलच असें नाहीं. त्यापुढें ३० दिवस जबर दंड भरून नांव सोडवितां येतें, आणि मग पांच दिवसांनीं तें कोणासही खुलें होतें. टपून बसलेले लोक अशीं नांवें तत्काळ उचलतात व मागाहून मनास येईल ती किंमत मागतात. जांभळाची धांदल मे-जून महिन्यांत असते, तेव्हां आकार भरण्याची तारीख त्या दिवसांत येऊं देऊं नये. दिवाळीच्या सुमारास हिशेब मोकळा असतो, त्या वेळीं पांच वर्षांचा एकदम भरावा व पावती संघाच्या दप्तरांत लावून ठेवावी.