तेलक्षेत्रातील झोतदिवे आणि रात्रीचे आकाश: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आकाश उजळवण्याचा दोष सहसा शहरांना दिला जातो आणि वस्तीपासून दूर, डोंगरावर बांधलेल्या वेधशाळेला कृत्रिम उजेडाचे भय नाही, असे गृहीत धरले जाते. अमेरिकेतील पश्चिम टेक्सासमधल्या मॅक्डॉनल्ड वेधशाळेचा अनुभव याच्या उलट आहे. डेव्हिस पर्वतरांगेत सुमारे २,००० मीटर उंचीवर असलेल्या या वेधशाळेजवळ मोठे शहर नाही. मात्र उत्तर आणि ईशान्य दिशांना पसरलेल्या पर्मियन खोऱ्यात तेलविहिरींचे खोदकाम वाढत गेले, तसे त्या बाजूचे क्षितिज रात्रभर उजळलेले दिसू लागले. हवेतील रेणू व धूलिकण यांच्यावर आदळून विखुरलेल्या या उजेडाला ‘नभदीप्ती’ म्हणता येईल. दिव्याचा जो झोत क्षितिजाच्या किंचित वर, जवळजवळ आडवा जातो, तो हवेच्या थरांतून सर्वांत लांबचा प्रवास करीत असल्याने दूरवरच्या नभदीप्तीत त्याचा वाटा विशेष मोठा असतो.

ही दीप्ती विहिरींवर जाळल्या जाणाऱ्या वायूच्या ज्वाळांचीच आहे आणि म्हणून अटळ आहे, हा समज अर्धवट आहे. ज्वाळांचा वाटा असतोच, परंतु खोदकामाच्या मनोऱ्यांवर आणि आवारात बाहेरच्या दिशेने तिरपे रोखलेले झोतदिवेही आकाशात उजेड ओततात, आणि हा भाग टाळणे सर्वांत सोपे आहे.

कामगारांच्या सुरक्षिततेसाठी जितका प्रखर दिवा तितका चांगला, हा युक्तिवाद सर्वाधिक ऐकू येतो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. उघडा झोत थेट डोळ्यांत शिरला की त्याचा काही भाग डोळ्याच्या आतच विखुरतो, दृष्टिपटलावर उजेडाचा पडदा पसरतो, बाहुली आकुंचन पावते, आणि नेमक्या त्याच वेळी यंत्रामागची सावली अधिक गडद भासते; शिवाय काळोखाला पूर्ण सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागत असल्याने प्रखर उजेडातून बाहेर पडलेला वाहनचालक काही काळ जवळजवळ आंधळाच असतो. दिव्याला वरून व बाजूंनी आवरण घालून झोत खाली वळवला, तर कमी विजेत कामाची जागा अधिक स्पष्ट दिसते. खगोलशास्त्रज्ञाची मागणी आणि कामगाराची गरज इथे एकच ठरते, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या फारशी लक्षात येत नाही.

एलईडी दिवे वीज वाचवतात, म्हणून ते आकाशालाही हितकारक असणार, असे मानणेही घाईचे आहे. हवेच्या रेणूंमुळे होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे पांढऱ्या एलईडीतील ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडियम दिव्याच्या पिवळ्या प्रकाशापेक्षा जवळजवळ तिप्पट विखुरतो. त्यातच रात्रीचा उजेड मोजणाऱ्या प्रमुख उपग्रहीय उपकरणाला हा निळा प्रकाश जवळपास दिसतच नाही. जगभरातील सामान्य निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकाशाची दीप्ती वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. उपग्रहांच्या मोजणीत ही वाढ बरीच कमी दिसते.

आकाश राखायचे तर उद्योग बंद करावा लागतो, हीदेखील धास्तीच आहे. वेधशाळेने तेल-उद्योगातील संघटनांसह प्रकाशयोजनेच्या शिफारशी तयार केल्या असून, २०२२ साली टेक्सास आणि मेक्सिको मिळून घोषित झालेल्या ग्रेटर बिग बेंड या आंतरराष्ट्रीय काळोख-राखीव क्षेत्रात वेधशाळेचा परिसरही येतो. वेधशाळेभोवतीच्या सात काउंट्यांना, म्हणजे जिल्ह्यांना, बाहेरच्या दिव्यांविषयी नियम करणे राज्याच्या कायद्याने भाग आहे. पर्मियन खोऱ्याचा बराचसा भाग मात्र या सातांबाहेर पडतो, आणि तिथे वेधशाळेला कंपन्यांच्या मनधरणीवरच भिस्त ठेवावी लागते.