हेड बोल्ट आवळताना हाताच्या अंदाजावर विसंबू नका

गॅरेज लाइनमध्ये आपले पुष्कळ कारागीर बंधू आहेत. बोअर, रिंगा, बेअरिंग सगळे चोख बसवणारे हात त्यांच्यात आहेत. तरीही बांधून दिलेले इंजिन कधी महिनाभरात परत येते. रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइल दुधासारखे पांढरे, आणि टेम्पोवाल्याची रोजी बंद. पार्ट नवे, मशीनिंग बरोबर, मग चुकले कुठे? अनेकदा हेड आवळताना.

हेड बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा हेडला ब्लॉकवर दाबून धरतो. ताण कमी पडला तर पॅकिंग उडते. जास्त झाला तर आटे निघतात किंवा बोल्ट तुटतो. एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त झाला तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते.

‘आमच्या उस्तादाला हातालाच कळते’ असे आम्ही नेहमी ऐकतो. उस्तादांचा हुनर आम्हाला मान्य आहे, पण सकाळचा हात आणि संध्याकाळचा थकलेला हात एकसारखा नसतो. म्हणून टॉर्क रेंच हवाच.

मात्र रेंचचा आकडाही फसवतो. लावलेल्या जोरापैकी साधारण नव्वद टक्के जोर आट्यांत आणि बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आटे गंजलेले असतील तर रेंच पूर्ण आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र ढिलाच असतो. म्हणून खरे काम आवळण्याआधीचे आहे. बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करा. मॅन्युअलमध्ये कोरडे किंवा दुसरे काही सांगितले नसेल, तर आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा हलका हात द्या. भोकातले ऑइल-पाणी हवा मारून काढा. आमच्या पाहण्यातल्या एका गॅरेजात पोऱ्याने ब्लॉक डिझेलने धुतला आणि भोके तशीच भरलेली राहिली. द्रव दबत नाही. बोल्ट खाली उतरताच ब्लॉकला तडा गेला. बोल्टच्या खर्चात ब्लॉक गेला म्हणायचा!

आवळायची सुरुवात मधून करायची. पाच-पाच बोल्टच्या दोन ओळी असतील तर आधी मधले दोन, मग आळीपाळीने दोन्ही टोकांकडे. यामुळे पॅकिंग मधून बाहेर सपाट बसत जाते. एका दमात पूर्ण आवळू नका. मॅन्युअलमध्ये टप्पे दिले असतील तर तेच पाळा. नसतील आणि आकडा समजा 9 केजीएम असेल, तर सगळे बोल्ट आधी 3, मग 6, मग 9. हेड खोलताना याच्या उलट, टोकांकडून मध्ये, आणि तेही इंजिन थंड झाल्यावर.

एककाचा घोटाळाही होतो. 70 न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे 7.1 केजीएम किंवा 52 फूट-पाउंड. कोणी फूट-पाउंडाच्या रेंचवर 70 लावले तर बोल्टवर 95 न्यूटन-मीटर पडतील.

नव्या गाड्यांत पुष्कळ ठिकाणी ठरावीक टॉर्कनंतर 90 अंश फिरवायचे, असे दिलेले असते. त्यात घासण्याची गडबड कमी होते आणि ताण सारखा येतो. असे बोल्ट बहुतेक कायमचे लांबतात. कंपनीने बदला म्हटले असेल तर जुने परत घालू नका, मग गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो. हे बोल्ट नंतर पुन्हा आवळायचेही नसतात.

जुन्या इंजिनांत मात्र थोडे चालवल्यावर पुन्हा आवळावे लागते. गरम असताना की थंड झाल्यावर, हे इंजिनप्रमाणे बदलते, मॅन्युअल पाहा. एकेक बोल्ट पाव फेरा ढिला करून मग आकड्यावर आणा, नाहीतर बसलेला बोल्ट हलण्याआधीच रेंच ‘टक’ करतो.

आणि काम झाले की क्लिक-रेंचचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवा. त्याच रेंचने जाम नट खोलणारे गॅरेजवाले आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या रेंचच्या आकड्यावर आमचा तरी भरवसा नाही.